चौघांचं काम

ब्रॅकनशॉ, लँकाशर
३० जानेवारी १९७९

प्रिय नॉर्मन,

'प्रिय' लिहिण्याआधी पेन खाली ठेवलं होतं. मग म्हटलं, पत्राची एक रीत असते, ती मोडायचं कारण नाही. दोन वर्षं आपण बोललो नाही, पण रीतीशी माझं भांडण नाही.

आई रविवारी गेली, हे डोरीनने तुला सांगितलं असेलच. तुझी बायको शेवटच्या आठवड्यात रोज येऊन बसत होती, तिचे उपकार मी विसरणार नाही. तू संपाच्या बैठकांसाठी बाहेरगावी होतास. आई शांतपणे गेली. विशेष काही बोलली नाही.

आता कामाचं. आईला बाबांच्या कबरीत ठेवायचं आहे. ती कबर बाबांच्या वेळीच दोघांच्या खोलीची खणलेली आहे, बाबा तळाशी आणि वर आईपुरती जागा. तुला हे माहीत असायला हवं, पण तू कचरागाडीवरचा माणूस, मातीशी तुझा संबंध नाही, म्हणून लिहिलं. सध्या दफनभूमीच्या फाटकावर आमच्याच संपकरी कबर खणणाऱ्यांचा पहारा आहे, कुणी कामाला आत जाऊ नये म्हणून, आणि आठवडाभरात एकही कबर खणली गेलेली नाही. सूट देण्याचा अधिकार संपसमितीला आहे, असं तुझ्याच पत्रकात छापलंय. (पत्रक सोबत परत पाठवतो. चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. दुसरा परिच्छेद तर क्रियापदाशिवायच संपतो.)

मला एका दिवसाची सूट दे. दुसऱ्या कुणाला कामाला लावत नाही. मी एकटा खणेन आणि त्या दिवसाची मजुरी घेणार नाही.

हे मागताना काय वाटतं ते लिहीत नाही. ज्या युनियनमध्ये मी आपण होऊन कधी पाऊल ठेवलं नसतं, तिच्याकडे आईला पुरायची परवानगी मागायची, आणि तीही धाकट्या भावाच्या सहीने. असो. उत्तर लवकर दे. मुडदे थांबतात असं लोकांना वाटतं. ते थांबत नाहीत.

तुझा,
सेसिल


५ फेब्रुवारी

मा. शाखा सेक्रेटरी महाशय,

आपला टाइप केलेला निरोप पोचला. 'समिती कोणत्याही एका कुटुंबासाठी सूट देऊ शकत नाही. आपल्या दुःखात शाखा सहभागी आहे.' शाखा सहभागी आहे. सेक्रेटरी आहेत किंवा कसे, याचा उल्लेख नाही.

'आपण' म्हणून लिहायला बसलो, पण जमत नाही. मी तुझं नाक पुसलेलं आहे.

खाली तू पेन्सिलने लिहिलंस, ते दहादा वाचलं. 'सेसिल, आईच्या आधीची माणसं गोदामात पडून आहेत. सेक्रेटरीची आई म्हणून तिला पुढे काढली, तर त्या घरांच्या दारात मी कोणतं तोंड घेऊन उभा राहू?' म्हणजे आईला तू रांगेत उभं केलंस. तिने जन्मभर रांगाच लावल्या, युद्धात साखरेसाठी, नंतर दवाखान्यात कानांसाठी. मेल्यावर तरी सुटेल असं मला वाटलं होतं.

ते गोदाम कुठलं आहे, हे तुला ठाऊक आहे का? नगरपालिकेने कालव्यावरची बंद गिरणी भाड्याने घेतली आहे. आईची गिरणी. ज्या विणशाळेत तिने माग चालवले तिथेच शवपेट्या ठेवल्या आहेत, त्यांत तिचीही. काल जाऊन आलो. रखवालदाराने दारातून दाखवलं, आत सोडलं नाही. छपराच्या काचांतून उजेड पडतो, तसाच. फक्त आवाज नाही. मला एकदम आपण दोघं तिथे डबा घेऊन जायचो ते आठवलं. त्या गडगडाटात कोणाचं कोणाला ऐकू जात नसे, म्हणून सगळ्या बायका नुसते ओठ हलवून बोलत. आईने तीच सवय घरी आणली. रस्त्याच्या पलीकडून शेजारणीच्या तीन पिढ्यांची निंदा करायची, तोंडातून चकार शब्द न काढता. चॅपलमध्ये प्रवचन चालू असताना तू आणि मी तसेच बोलायचो आणि हसू आलं की दोघांनाही मार बसायचा.

तू लिहितोस की मी युनियनला पहिल्यापासून पाण्यात पाहतो. हे चुकीचं आहे, आणि चुकीचं मी चालू देत नाही. तुझी दोन बोटं कचरागाडीच्या जबड्यात गेली तेव्हा नगरपालिका म्हणाली चूक तुझी, आणि युनियन म्हणाली गाडीची. युनियन भांडली, तुला भरपाई मिळाली. मी तेव्हाही टोपी काढली होती. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याला जायचं त्याने जावं. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली. पुढचं सगळं वाचनालयात बसून स्वतः शिकलो, मातीचे थर, दगडावरचं लॅटिन, सगळं. मला कुणी दाखल करून घेतलं नव्हतं. मग एके दिवशी उपाहारगृहात हात वर होतात आणि ठरतं की ज्याच्याकडे युनियनचं कार्ड नाही त्याला नगरपालिकेत काम नाही. अठ्ठेचाळीस सालापासून मी या गावाची माणसं मातीत नीट ठेवतो आहे. ते सगळं एका कार्डावर आलं.

आणि सभासद होण्याचा तो फॉर्म कोण घेऊन आलं? तू. रविवारी, आईच्या टेबलावर, ग्रेव्हीच्या भांड्याला टेकवून ठेवलास. म्हणालास, "सही कर, नाहीतर सोमवारी फावड्याला हात लावू देणार नाहीत." मी सही केली आणि खाली 'जबरदस्तीने' असं लिहिलं. तेव्हा तू जे बोललास ते आईने ओठांवरून वाचलं, तिला ऐकू कुठे येत होतं. "आम्ही भांडून मिळवलेली प्रत्येक वाढ तू खाल्लीस. ते पायातले बूटसुद्धा आमचेच आहेत."

बूट मी मागितले नव्हते. पण घातले, हे खरं.

पुन्हा विचारतो. एक दिवस.

सेसिल


१२ फेब्रुवारी

नॉर्मन,

दुसऱ्यांदाही नाही. बरं.

शनिवारी मी फाटकावर गेलो होतो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्याबरोबर खणणारे लेन आणि आर्थर पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवून बसले होते. माझ्या हातात फावडं बघून लेन म्हणाला, "काय सेसिल, फिरायला निघालास का?" मी म्हटलं, आईसाठी आलोय. मग त्याने थट्टा केली नाही. आर्थर उठला, टोपी काढली. तुला माहीत आहे, एक वाक्य जुळवायला त्याला एक पाइपभर तंबाखू लागते. म्हणाला, "तुझ्या आईची कबर आम्ही खणणार. तुझ्या बापाची आम्हीच खणली होती. संप मिटला की पहिल्या दिवसापासून लागू, तिच्या आधीच्या जेवढ्या असतील तेवढ्या उरकून तिची घेऊ. पण तू नाही खणायची. हा कार्डाचा नियम नाही, सेसिल. फावड्याचा आहे."

तुला हा नियम ठाऊक नसेल. तो कुठे लिहिलेला नाही, आणि युनियनपेक्षा जुना आहे. कबर खणणारा आपल्या माणसाची कबर खणत नाही. ती बाकीच्यांनी खणायची, प्रत्येकाने थोडी थोडी. त्याने त्या दिवशी टाय लावून उभं राहायचं. बाबांच्या वेळी मी तसाच उभा होतो. मला वाटायचं हा सोबत्यांचा मान आहे, दुसरं काही कारण नसावं.

मी परत फिरलो. लेनने जाताना चहाचा मग पुढे केला. मी घेतला नाही.

रविवारी सकाळी पहारा नसतो. एवढं मात्र तुमचा संप पाळतो. रविवारी सकाळी मी कुठे होतो ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र सेक्रेटरीच्या हातात पडणार आहे. अक्षर वाईट आलंय त्याबद्दल माफ कर. हाताला फोड आले आहेत. वरची माती दगडासारखी गोठली आहे, पण ती हातभर खालपर्यंतच.

सेसिल


२० फेब्रुवारी

प्रिय नॉर्मन,

आता लपवण्यात अर्थ नाही. गावाला कळलंय, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

त्या रविवारी पाद्रीबाबांच्या भिंतीकडच्या दारातून मी आत गेलो. कुदळीने गोठलेला थर फोडला, खाली चिकणमाती लागली. आपल्या गावची पिवळी, काम करायला चांगली. कडा दोरीत कापल्या, माती फळ्यांवर रचली. नियमाबद्दल विचार करत नव्हतो. काम सरळ चाललं की माणूस विचार करत नाही. मग फावड्याखालचा आवाज बदलला. पेटीच्या जवळ पोचलं की माती पोकळ वाजते. आजवर तो आवाज कितीदा ऐकला असेल, आणि दरवेळी मी म्हणायचो, 'झालं, थांबा.' त्या दिवशी तो आवाज बाबांचा होता. त्यांच्या छातीवर उभा राहून मी फावडं मारत होतो. मला वर चढता येईना. खोली जास्त नव्हती.

नियम कशासाठी आहे ते मला तिथे कळलं. सांगणाऱ्याने सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं.

मग क्रॉलीकडे गेलो. त्याच्याकडे आईच्या पेटीचं आणि अंत्ययात्रेचं काम आहे. म्हटलं, कबर तयार आहे, गाडी काढ. त्याने माझ्या बुटांवरचा चिखल पाहिला आणि मला खुर्ची दिली. म्हणाला, "फाटकावर पहारा असताना माझा ड्रायव्हर आत जाणार नाही. समज मी स्वतः गाडी घातली. पेटी उतरवायला, पट्ट्यांवर खाली सोडायला चौघं लागतात. एक तू. बाकी तिघं आण, सेसिल, मग बघू."

तिघं. मी घरी येऊन नावं आठवत बसलो. लेन नाही, आर्थर नाही, ते पहाऱ्यावर. मेहुणा, मेरियनचा भाऊ, बस चालवतो, त्याला स्वतःचं कार्ड सांभाळायचंय. पाद्रीबाबा सत्तर वर्षांचे. शेवटचं नाव तुझं होतं. या गावात जन्मलो, पन्नाशी ओलांडली, आणि मला तीन माणसं मिळाली नाहीत. मेरियन म्हणाली, "मी धरते एक टोक." माझी बायको कधी असलं बोलत नाही.

कबर एकट्याला खणता येते. माणूस एकट्याला पुरता येत नाही. इतकी वर्षं हे काम करून मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून कबर तशीच उघडी राहिली. बुधवारी मिसेस हिंडल माझ्या दारात आल्या. त्यांचे अर्नेस्ट आईच्या आधीपासून गोदामात आहेत. भिंतीवरून त्यांना मातीचा ढीग दिसला होता. त्यांनी आत यायलाही नकार दिला. हातात भाजलेली बटाट्याची पाई होती, फडक्यात गुंडाळलेली. "सेसिल, ती कबर आमच्या अर्नेस्टची आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"बरं. पण सुरुवात झाली असं समजू ना?"

पाई त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती घेतली. त्यांनी चहाडी केली नाही, हे लक्षात ठेव. त्या आनंदाने दुकानात सांगत गेल्या की कबरी सुरू झाल्या, आणि त्यातून सगळ्यांना कळलं. तुझ्या पेन्सिलच्या ओळी मी पुन्हा काढून वाचल्या. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण त्या दारात कोणतं तोंड घेऊन उभं राहायचं ते मलाही सापडलं नाही.

शुक्रवारी थंडी मोडली, पाऊस लागला. गोठलेली माती सुटली की उघड्या कबरीच्या कडा आत बसतात. टेकू लावायला माझ्याकडे लाकूड नव्हतं. कोठीला कुलूप, किल्ली पहाऱ्यावर. रात्रभर मेरियनला झोपू दिलं नाही. उजाडताच भिंतीकडून गेलो, मनाशी धरून चाललो होतो की सगळं बाबांच्या अंगावर कोसळलं असणार. तर कबर झाकलेली. आत फळ्या उभ्या, त्यांना आडवे टेकू, जरा तिरके, शिकाऊ माणसाने ठोकल्यासारखे. वर ताडपत्र्या, कडेला दगड. एक थेंब आत नाही.

फाटकावर येऊन लेनला म्हटलं, उपकार झाले. तो पिंपात लाकूड सारत म्हणाला, "आम्ही काही पाहिलेलं नाही. तुझ्या भावानेही काही पाहिलेलं नाही. जे दिसलं नाही ते झाकायला त्याला तीन ताडपत्र्या लागल्या, एवढंच."

मी परत जाऊन ताडपत्रीला नाक लावलं. कचरागाडीचा वास होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की आई विशेष काही बोलली नाही. ते रागाने लिहिलं होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी तिचा आवाज गेला होता, पण ओठ चालू होते. मी दिवा जवळ आणला. ती म्हणाली, "आपला नॉर्मन जेवला का?" मी 'जेवला' असं सांगितलं. मग तिने डोळे मिटले.

हे तुझं होतं. तुझ्याकडे पाठवलं.

सेसिल


२७ फेब्रुवारी

नॉर्मन,

काल शाखेच्या सभेला मी सभागृहात मागच्या दाराशी उभा होतो. खुर्च्या होत्या, पण माझ्या शेजारी कुणी बसलं नसतं, मग त्या दोन खुर्च्या फुकट गेल्या असत्या.

संप मिटला. पगारवाढ मंजूर झाली, टाळ्या वाजल्या. वाढ पुरेशी नाही असं तू म्हणालास आणि ते खरं आहे. मी हिशेब वाचला आहे, या वेळी चुका नव्हत्या. मग पुढचा विषय, मी. अध्यक्षांनी वाचलं की सभासद सी. रॉस्ट्रन यांनी पहारा ओलांडून काम केलं. काही सांगायचं आहे का, विचारलं. आर्थर उठला, पाइप हातात घेतला, आणि त्याचं वाक्य जुळायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या आया नव्हत्या काय?" आर्थर बसला. ओरडणारा कोण ते मी पाहिलं. त्याचं मूल तीन आठवडे गोदामात होतं. त्याच्यावर माझा राग नाही.

मी काय बोलणार होतो? बाहेर पडू द्या असं मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. आता तुम्ही बाहेर काढत होता. फरक एवढाच की आता बाहेर म्हणजे दफनभूमीच्याही बाहेर.

मला काढायच्या मतदानात सेक्रेटरीने हात वर केलाच पाहिजे असं नाही. नियमावली मी वाचली आहे, तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा नीट. तू वर केलास. ज्या हाताला दोन बोटं नाहीत तो. सगळ्यांच्या नंतर, पण वर केलास. मला वाटतं, त्या हाताला दुसरं काही करता आलं नसतं. रात्री टेकू ठोकले तेही त्याच हाताने.

आज सकाळी नगरपालिकेच्या साहेबांनी पत्र दिलं. कार्ड नाही म्हणून काम नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत. सही घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

सेसिल


९ मार्च

प्रिय नॉर्मन,

डोरीनकडून निरोप मिळाला. शाखेला लेखी माफी लिहिली तर शाखा परत घेईल, मसुदा तू तयार केला आहेस. तो वाचला. सभ्य आहे, आणि क्रियापदं सगळी जागच्या जागी आहेत. मी सही करणार नाही. एकदा जबरदस्तीने सही केली. दुसऱ्यांदा केली तर ती माझी असेल, आणि ते जास्त वाईट. मेरियन दोन दिवस बोलत नाही. ती अडाणी नाही, घर कशावर चालतं ते तिला कळतं. या वयात गावात मला दुसरं कोण ठेवणार, हे मलाही कळतं. नगरपालिकेशिवाय कुणाला कबर खणणारा लागत नाही.

पण ते लिहायला बसलो नव्हतो. कालचं लिहायचं होतं.

आईची पाळी आली तेव्हा तिच्या आधीचे सगळे झाले होते, अर्नेस्ट हिंडलही. मिसेस हिंडल मागे उभ्या होत्या, पाहिल्यास ना? आर्थरने तुझे तिरके टेकू काढले. त्याने आणि लेनने मी खणलेल्या कबरीतली एकेक फावडं माती पुन्हा काढली. गरज नव्हती. कबर मी चोख खणली होती. तरी काढली, आणि मी टाय लावून उभा राहिलो. मग ती कबर त्यांनी खणलेली झाली. एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं, वाळीत टाकलेल्या माणसासाठी.

मग पट्टे. डोक्याकडे लेन आणि आर्थर, पायाकडे तू आणि मी. क्रॉलीने आपली माणसं आणली होती, पण तू येऊन टोक उचललंस तेव्हा त्यांच्यातला एक बाजूला झाला. मी तुला सांगणार होतो की हाताला वेढा घे, नाहीतर पट्टा तळव्याला कापतो. पण शाखेची अर्धी माणसं उभी होती आणि सेक्रेटरीने माझ्याशी बोलायचं नव्हतं. तू बरोबर धरला होतास. आई खूप हलकी होती, नाही? चौघांची गरज नव्हती असं म्हणावं, इतकी. आणि तरी चौघं लागलेच.

पेटी टेकली. तो आवाज. लेनने त्याचं टोक सोडलं, आर्थरने पट्टा ओढून घेतला. आता आपलं. एकाने सोडायचं, समोरच्याने खालून ओढून घ्यायचं, अशी रीत. मी सोडायला हवं होतं. सोडेना. जोपर्यंत पट्टा ताणलेला होता तोपर्यंत दुसऱ्या टोकाला तू होतास, आणि मधे ती. पाद्रीबाबा थांबले. लोक बघायला लागले. मी तुझ्याकडे पाहिलं आणि तुझे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही, विणशाळेतल्यासारखे. "सोड, सेसिल. तिला झोपू दे."

कुणालाही कळलं नाही. मी सोडला.

तू पट्टा ओढून घेतलास आणि गर्दी पांगली तेव्हा तो हातातच घेऊन फाटकाबाहेर गेलास. लेन मागून हाक मारणार होता, मी त्याला थांबवलं. तो नगरपालिकेचा आहे आणि आजपासून माझ्या ताब्यात नाही, म्हणून ही सूचना लिहितो. तो चिखलाने माखला आहे. थंड पाण्यात धुवायचा, साबण नको. सावलीत, ताणून वाळवायचा, दोरीवर टाकला तर मधे वाकतो. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नकोस. ओला गुंडाळला तर आतून कुजतो, वरून कळत नाही, आणि एके दिवशी कुणाच्या तरी आईखाली तुटतो. गुंडाळताना दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो. डोरीनला सांग. तिला जमलं नाही, तर मी आता घरीच असतो.

सेसिल